औषधांना न जुमानणारा शॉक आणि मिथिलीन ब्लू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर रात्री थोडा वेळ बसले, तर निफाड, सिन्नर, येवला, सुरगाणा अशा ठिकाणांहून आलेले नातेवाईक एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारताना आढळतात : बीपी राहते आहे का? पुढील प्रश्नांपैकी काही अशा नातेवाइकांचे आहेत, काही नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांचे, तर काही पहाटे तीन वाजता निळ्या औषधाची सिरिंज हातात घेऊन विचारणाऱ्या सिस्टरांचे आहेत. त्यामुळे काही उत्तरे सोपी आहेत आणि काहींत शरीरक्रियाशास्त्राचा तपशील आला आहे. एखाद्या रुग्णाला मिथिलीन ब्लू हे निळे औषध द्यावे की नाही, याचा निर्णय त्याच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. हे पान त्या निर्णयामागचा विचार समजून घेण्यासाठी आहे.

रुग्ण शॉकमध्ये आहे असे सांगितले. म्हणजे त्याला कसला धक्का बसला?

येथे मनाला बसणाऱ्या धक्क्याचा किंवा विजेच्या झटक्याचा काहीही संबंध नाही. रक्ताभिसरण इतके कोलमडणे की पेशींना पुरेसा ऑक्सिजन पोहोचेनासा होतो, या अवस्थेला वैद्यकात शॉक म्हणतात. लघवी कमी होते, रुग्ण बरळू लागतो, पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण असलेले रक्तातील लॅक्टेट वाढते आणि बहुतेक वेळा रक्तदाब खाली येतो. अतिदक्षता विभागात वरच्या आकड्यापेक्षा सरासरी दाबाकडे अधिक लक्ष दिले जाते. खालच्या आकड्याची दुप्पट अधिक वरचा आकडा, भागिले तीन, असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ८०/५० असा रक्तदाब असेल तर सरासरी ६० येते, आणि सर्वसाधारणपणे ती किमान ६५ ठेवण्याचा प्रयत्न असतो.

आमच्या जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांना हे ठिबकच्या उदाहरणावरून चटकन कळते. शेवटच्या वेलीपाशी पाणी दाबाने पोहोचायचे असेल, तर विहिरीत पाणी हवे, मोटर चांगली हवी आणि नळ्यांची तोंडे मापात उघडी हवीत. रक्तस्राव किंवा जुलाब झाले तर विहीर आटते, हृदयविकाराच्या झटक्यात मोटर बिघडते. पण जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या, म्हणजे सेप्सिसच्या, शॉकमध्ये अनेकदा पाणी भरलेले असते, मोटर नेहमीपेक्षा जोरात फिरत असते आणि तरीही दाब मिळत नाही, कारण सगळ्या व्हॉल्व्हची तोंडे एकाच वेळी सताड उघडलेली असतात. रक्तवाहिन्यांच्या या सैलपणाला व्हासोप्लेजिया म्हणतात. या पानावर ज्या औषधाची चर्चा आहे, ते याच तिसऱ्या बिघाडावरचे आहे.

दोन-दोन पंपांवर औषधे चालू असताना बीपी का वाढत नाही?

सेप्सिसच्या शॉकवरील उपचारांची एक शिडी ठरलेली आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तासात प्रतिजैविक, पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर सलाइन, आणि रक्तदाब तरीही खाली राहिला तर नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे वॉर्डच्या बोलीत 'नॉरॅड', सुरू केले जाते. त्याची मात्रा दर किलोमागे दर मिनिटाला ०.२५ ते ०.५ मायक्रोग्रॅमच्या घरात गेली की जोडीला व्हासोप्रेसिन हे शरीरातही बनणारे, वाहिनी आवळणारे संप्रेरक येते, आणि ०.२५ किंवा त्याहून अधिक मात्रा चार तास चालू ठेवावी लागली तर दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले जाते. बहुतेक रुग्ण यापैकी कुठल्या तरी पायरीवर सावरतात. जे सावरत नाहीत, त्यांच्या शॉकला उपचारांना न जुमानणारा शॉक म्हणतात. याची सर्वमान्य अशी एकच व्याख्या नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

औषध न लागण्याची कारणे एकाहून अधिक असतात. नॉरॅड पेशीवरच्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरांवर) बसून वाहिनीला आकुंचन पावण्याचा हुकूम देते, ते ग्राही प्रदीर्घ माऱ्यानंतर पेशीच्या आत ओढले जातात आणि जे उरतात ते थंड पडतात. रक्त आम्लधर्मी झाले की हुकूम पोहोचूनही स्नायू नीट आवळत नाही. वाहिनीच्या भिंतीतील पोटॅशियमची काही विशिष्ट द्वारे उघडी राहतात आणि त्यामुळे कॅल्शियम आत येण्याचा मार्ग बंद होतो. पिट्युटरी ग्रंथीतला व्हासोप्रेसिनचा साठा काही तासांतच रिता होतो. आणि या सगळ्यांच्या जोडीला, बऱ्याच अंशी या सगळ्यांच्या मुळाशीही, नायट्रिक ऑक्साइडचा पूर आलेला असतो.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिनी सैल कशी करतो?

ज्यांच्या घरात हृदयविकाराचा रुग्ण आहे त्यांना सॉर्बिट्रेटची गोळी माहीत असते. छातीत दुखू लागले की ती जिभेखाली ठेवतात, डोके जड होते, कधी चक्कर येते आणि रक्तदाब उतरतो. ही गोळी शरीरात गेल्यावर नायट्रिक ऑक्साइड सोडते. सेप्सिसमध्ये घडते ते असे की, शरीर स्वतःच अखंड सॉर्बिट्रेट तयार करत राहते आणि ते थांबवण्याची कळ हाती लागत नाही.

निरोगी माणसात रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून हा वायू अगदी थोडा-थोडा झरत असतो आणि गरजेप्रमाणे वाहिनीचा व्यास सांभाळतो. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवर प्रयोग करताना दाखवले की, हे अस्तर खरवडून टाकले तर वाहिनी सैलावत नाही. अर्थात अस्तरातून काहीतरी सुटत असते. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे ठरायला पुढे काही वर्षे गेली आणि फर्चगॉट, लुइस इग्नारो व फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूंची विषे आणि शरीराच्या प्रतिकार यंत्रणेचे निरोप वाहिनीच्या स्नायूपेशींपर्यंत पोहोचले की, काही तासांत तेथे नायट्रिक ऑक्साइड बनवणारे एक वेगळे, एरवी जवळजवळ नसलेले विकर (एन्झाइम) तयार होते. अस्तरातले नेहमीचे विकर कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालते आणि थांबते. हे नवे विकर कोणाच्याच इशाऱ्याची वाट पाहत नाही आणि कितीतरी अधिक वायू तयार करत राहते.

हा वायू स्नायूपेशीत शिरून ग्वानायलेट सायक्लेज नावाच्या विकराच्या गाभ्यातील हीमच्या लोहाला जाऊन चिकटतो. हीम म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये असते तसाच लोह धरून ठेवणारा साचा. लोहाला वायू चिकटताच विकर जागे होते आणि सायक्लिक जीएमपी या निरोप्या रेणूची भराभर निर्मिती करते. हा निरोप्या पुढे तीन कामे करवून घेतो. पेशीतले कॅल्शियम कमी होते, पोटॅशियमची द्वारे उघडतात, आणि स्नायूचे तंतू एकमेकांत अडकवून ठेवणारा फॉस्फेट काढून घेणारे विकर कामाला लागते. तिन्हींचा परिणाम एकच, वाहिनी सैल पडते. नॉरॅड बाहेरून आवळण्याचा हुकूम देत असते आणि आतून सायक्लिक जीएमपी तो हुकूम रद्द करत असतो. पंपाचा वेग कितीही वाढवला तरी आकडा का हलत नाही, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

मग मिथिलीन ब्लू यात नेमका कोठे हस्तक्षेप करते?

त्याच लोहाशी. मिथिलीन ब्लू हा इलेक्ट्रॉनची देवघेव सहज करणारा रेणू आहे. तो ग्वानायलेट सायक्लेजमधील हीमच्या लोहाचे ऑक्सिडीकरण करतो आणि असे बदललेले लोह नायट्रिक ऑक्साइडच्या हाकेला ओ देत नाही. विकर झोपलेले राहते, सायक्लिक जीएमपी घटते, आणि वाहिनीच्या स्नायूला नॉरॅडचा हुकूम पुन्हा ऐकू येऊ लागतो. याशिवाय नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकरालाही हे औषध अडवते, तसेच तयार झालेला वायू काही प्रमाणात नष्ट करते. म्हणजे कारखान्यावर, वाटेत आणि पोहोचण्याच्या जागी अशा तिन्ही ठिकाणी अडथळा येतो. त्यात शेवटचा सर्वाधिक शिकवला जातो.

मिथिलीन ब्लू स्वतः वाहिनी आवळत नाही, हे प्रशिक्षणार्थी डॉक्टरांनी नीट लक्षात ठेवावे. नॉरॅड, व्हासोप्रेसिन ही आवळणारी औषधे आहेत, तर हे सैल करणाऱ्या हाताला धरून ठेवणारे औषध आहे. म्हणूनच ते नॉरॅडच्या ऐवजी देऊन चालत नाही. नॉरॅड चालू असतानाच देतात आणि परिणाम दिसला तर नॉरॅडची मात्रा हळूहळू उतरवतात. मॉनिटरवरचा आकडा फारसा न बदलता पंपाचा वेग १५ वरून ९ वर आणता आला, तर तेही औषध लागू पडल्याचेच चिन्ह आहे. नातेवाइकांना फक्त बीपीचा आकडा सांगितला जातो आणि त्यामागे किती औषध आहे ते सांगितले जात नाही, तेव्हा चित्र अर्धेच राहते.

हा तर रंग आहे. रंग शिरेतून कसा देतात?

घरी पांढऱ्या धोतराला नीळ घालण्याची आठवण असलेल्या ज्येष्ठांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. येवल्याच्या एका आजोबांनी तर हाच रंग रेशमाला देतात का, असे विचारले होते. कपड्यांची नीळ वेगळी आणि हे वेगळे. तरी शंका अगदीच निराधार नाही, कारण मिथिलीन ब्लूचा जन्म खरोखरच रंगाच्या कारखान्यातला. हाइनरिश कारो या रसायनशास्त्रज्ञाने १८७६ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत तो तयार केला. पाउल एर्लिश यांना दिसले की हा रंग विशिष्ट पेशी आणि परजीवी निवडून रंगवतो, आणि जे परजीवीला चिकटते ते त्याला मारूही शकेल, असा त्यांनी तर्क केला. १८९१ मध्ये त्यांनी आणि पाउल गुटमान यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांवर तो वापरला. संपूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेले, माणसावर उपचारासाठी वापरलेले हे पहिले औषध मानले जाते. क्षयाच्या जंतूंसाठी थुंकीची काचपट्टी तपासताना लाल जंतूंमागे जी निळी पार्श्वभूमी दिसते, ती बहुधा याच रंगाची असते. शिरेतून द्यायचे औषध मात्र त्यासाठी शुद्ध केलेले आणि निर्जंतुक इंजेक्शन असते. प्रयोगशाळेतला किंवा माशांच्या टाकीत टाकायचा मिथिलीन ब्लू त्या शुद्धतेचा नसतो, आणि इंटरनेटवर बुद्धी तल्लख करण्याच्या नावाखाली विकले जाणारे थेंब तर अजिबात घेऊ नयेत.

फवारणीच्या विषबाधेत देतात तेच हे औषध का?

होय, औषध तेच, कारण वेगळे. फुलोरा वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही फवारण्यांत नायट्रोबेंझीन असते. ते पोटात गेले की हिमोग्लोबिनच्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते, रक्त चॉकलेटी दिसू लागते आणि ऑक्सिजन वाहून नेत नाही. याला मेथहिमोग्लोबिनेमिया म्हणतात आणि त्यावर किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू सुमारे पाच मिनिटांत देतात. तेथे शरीर आधी या औषधाचे रंगहीन रूप करते आणि ते रूप हिमोग्लोबिनचे लोह मूळपदावर आणते. तेच औषध ग्वानायलेट सायक्लेजच्या लोहाचे ऑक्सिडीकरण करते आणि हिमोग्लोबिनच्या लोहाचे उलट, हा विरोधाभास विद्यार्थ्यांना नेहमी गोंधळात पाडतो. मात्रा फार वाढली तर हेच औषध स्वतःहून मेथहिमोग्लोबिनेमिया घडवते, म्हणजे गोंधळात आणखी भर.

याने रुग्ण वाचतात याला पुरावा काय?

पुरावा आहे, पण तो छोट्या चाचण्यांचा आहे, आणि हे लपवून औषधाची महती सांगणे योग्य नाही.

सर्वाधिक बोलकी चाचणी मेक्सिकोतील एका केंद्रात झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सेप्सिसचा शॉक सुरू होऊन २४ तासांहून कमी काळ झालेल्या ९१ रुग्णांपैकी एका गटाला रोज १०० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू ५०० मिलिलिटर सलाइनमधून सहा तासांत, असे तीन दिवस दिले. रक्तदाबाची औषधे पूर्ण बंद होण्यास या गटात, मधल्या रुग्णाचा आकडा (मध्यका) धरला तर, ६९ तास लागले, तर दुसऱ्या गटात ९४ तास. अतिदक्षता विभागातील मुक्काम सुमारे दीड दिवसाने कमी झाला. मृत्यूचे प्रमाण ३३ टक्के विरुद्ध ४६ टक्के असे होते. फरक मोठा वाटतो, पण एवढ्या कमी रुग्णांत तो योगायोगानेही येऊ शकतो, म्हणून संख्याशास्त्र त्याला सिद्ध मानत नाही. या चाचणीतली लक्षणीय गोष्ट म्हणजे औषध शेवटची आशा म्हणून न देता पहिल्याच दिवशी दिले होते.

हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या व्हासोप्लेजियाचा पुरावा त्याहून जुना आहे. अर्जेंटिनातील २००४ च्या एका अभ्यासात ६३८ रुग्णांपैकी ५६ जणांना शस्त्रक्रियेनंतर हा त्रास झाला. त्यातल्या निम्म्यांना मिथिलीन ब्लू मिळाले व त्यांच्यात एकही मृत्यू झाला नाही. उरलेल्या २८ पैकी सहा जण दगावले. इतका नीटस निकाल पाहिला की मला आनंदाच्या आधी शंका येते, कारण लहान अभ्यासांचे आकडे मोठ्या अभ्यासात बहुधा टिकत नाहीत. छोट्या चाचण्या एकत्र करून केलेली विश्लेषणे मृत्यू कमी होण्याकडे कल दाखवतात, पण त्या निष्कर्षाची खात्री कमी प्रतीचीच मानली जाते. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांच्या शिडीवर मिथिलीन ब्लूची पायरी नाही, ती याचमुळे.

बीपी वाढले म्हणजे धोका टळला, असे समजावे का?

समजू नये. या प्रश्नाला मी मुद्दाम सविस्तर उत्तर देतो, कारण नाशिकमध्ये असो की मुंबईत, अतिदक्षता विभागातल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ हाच आकडा आहे.

नायट्रिक ऑक्साइड हा खलनायक असेल तर तो बनवणारे विकरच पूर्ण बंद करावे, या विचाराने एक औषध तयार झाले होते. ७९७ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचा निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाने रक्तदाब झपाट्याने वाढला, नॉरॅड कमी करता आले, म्हणजे खाटेजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाला रुग्ण सुधारतो आहे असेच वाटले असणार. पण २८ व्या दिवसापर्यंत औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ४९ टक्के रुग्ण दगावले होते, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. नायट्रिक ऑक्साइड फक्त रक्तदाब उतरवत नाही. तो सूक्ष्म केशवाहिन्यांतून रक्त खेळते ठेवतो आणि फुफ्फुसांच्या वाहिन्या मोकळ्या ठेवतो. तो सरसकट बंद केला की मोठ्या धमनीतला दाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि आतड्यापर्यंत रक्त पोहोचेलच असे नाही. ठिबकच्या भाषेत, सगळे व्हॉल्व्ह आवळून प्रेशर गेजचा काटा वर आणला, पण शेवटच्या ओळीतल्या वेली सुकल्या.

मिथिलीन ब्लूची कृती वेगळी आणि मर्यादित आहे, तरीही मात्रेबाबतचा संयम याच अनुभवातून आला आहे. किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा नेली असता आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो, असे योग्य मात्रा शोधण्यासाठी माणसांवर केलेल्या अभ्यासात दिसले आहे. म्हणून औषध दिल्यावर आकड्याबरोबर लॅक्टेट उतरते आहे का, लघवी होते आहे का, गुडघ्यांवरची जाळीदार निळसर छटा कमी होते आहे का, हे पाहावे लागते. आणि पोटात फुटलेले आतडे, मूत्रमार्गात अडकलेला खडा किंवा पायात साचलेला पू तसाच ठेवून दिलेले मिथिलीन ब्लू केवळ काही तास मिळवून देते. त्या तासांत शस्त्रक्रिया झाली तर ते तास कामी आले.

प्रत्येक कमी रक्तदाबात ते चालते का?

नाही. डेंग्यूच्या शॉकमध्ये मुख्य दोष वाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा असतो, तेथे द्रवाचा काटेकोर हिशेबच रुग्णाला तारतो. हृदयाचा पंपच थकला असेल तर वाहिन्या आवळून त्याच्यावरचा भार वाढवणे धोक्याचे ठरते. म्हणून औषध देण्यापूर्वी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यावी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशात वाहिन्या उघडणारे प्राझोसिन वापरून दाखवले, ही तर बरोबर उलटी गोष्ट : तेथे आधी वाहिन्या अतोनात आवळलेल्या असतात. सेप्सिस आणि हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या शॉकखेरीज, तीव्र अॅलर्जीचा शॉक आणि रक्तदाब उतरवणाऱ्या अम्लोडिपिनच्या गोळ्या मोठ्या संख्येने घेतल्याने आलेला शॉक, यांत काही वेळा मिथिलीन ब्लूचा विचार होतो.

मात्रा किती आणि परिणाम कधी दिसतो?

सामान्यतः किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, २० मिनिटे ते एक तास या वेळात देतात. ६० किलोच्या माणसाला हे ६० ते १२० मिलिग्रॅम होतात. १ टक्का द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. लागू पडणार असेल तर परिणाम बहुधा तासा-दोन तासांत दिसतो आणि काही तासांनी ओसरू लागतो, म्हणून काही जण पुढे मंद गतीने सलाइनवाटे चालू ठेवतात, तर काही दुसऱ्या दिवशी मात्रा पुन्हा देतात. औषध शिरेबाहेर गळले तर त्वचा जळते, त्यामुळे सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असावी. सिस्टरांसाठी एक बारकावा : काही उत्पादकांच्या माहितीपत्रकात क्लोराइडमुळे विद्राव्यता घटते म्हणून सलाइनऐवजी ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरण्याची सूचना असते, तर मेक्सिकोच्या चाचणीत सलाइनच वापरले होते. हाताशी असलेल्या कुपीचे पत्रक वाचून ठरवावे.

कोणाला हे औषध देणे धोक्याचे आहे?

आमच्या जिल्ह्यात पहिला विचार जी६पीडी या विकराच्या जन्मजात कमतरतेचा करावा लागतो. हे विकर लाल पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवते. ते कमी असलेल्याला मिथिलीन ब्लू दिले तर लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन घसरते आणि कावीळ होते. मेथहिमोग्लोबिनेमियात तर औषध कामही करत नाही, कारण त्याचे रंगहीन रूप होण्यासाठी याच विकरातून मिळणारी रसद लागते. ही कमतरता मलेरियाच्या पट्ट्यातील आणि आदिवासी समाजांत अधिक आढळते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांतून आलेल्या रुग्णाबाबत म्हणूनच हा प्रश्न विचारायचा राहून जाऊ नये. कमतरता एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने ती पुरुषांत जास्त दिसते. शॉकमधल्या रुग्णाच्या चाचणीचा निकाल वेळेत येईलच असे नाही. अशा वेळी, पूर्वी मलेरियाच्या गोळ्यांनंतर लघवी काळपट झाली होती का किंवा कावीळ झाली होती का, हे आईला किंवा मोठ्या भावाला विचारलेले अधिक उपयोगी पडते.

दुसरा धोका मानसिक आजारांच्या औषधांशी होणाऱ्या संघर्षाचा. मिथिलीन ब्लू सेरोटोनिन मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकरालाही अडवते. रुग्ण एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशा गोळ्या घेत असेल तर मेंदूत सेरोटोनिन साचते आणि ताप, घाम, थरथर, स्नायूंचे झटके व भ्रम असा गंभीर प्रकार उद्भवू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये याबाबत इशारा दिला होता. अतिदक्षता विभागातच दिली जाणारी लिनेझोलिड, ट्रॅमाडॉल आणि फेंटानिल ही औषधेही या यादीत येतात, याचा विसर अनुभवी माणसांनाही पडतो. मानसोपचाराच्या गोळ्यांबद्दल नातेवाईक संकोचाने बोलत नाहीत. येथे तो संकोच जिवावर बेतू शकतो.

गरोदरपणात हे औषध टाळतात. फुफ्फुसांच्या वाहिन्यांतील दाब आधीच वाढलेल्या रुग्णात ते आणखी वाढवू शकते आणि ऑक्सिजनची स्थिती बिघडू शकते. मूत्रपिंडे बंद पडत आलेली असतील तर जपून द्यावे लागते.

औषध सुरू होताच ऑक्सिजनचा आकडा एकदम कसा पडला?

बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पाठवून मोजमाप करतो, आणि मिथिलीन ब्लू नेमका त्याच लाल पट्ट्यात प्रकाश शोषतो. यंत्राला वाटते रक्तात ऑक्सिजनच नाही. आकडा काही मिनिटांसाठी ८० च्या, कधी त्याहूनही खाली जातो आणि परत येतो. नातेवाईक काचेतून हे पाहत असतील तर आधीच सांगून ठेवलेले चांगले. मात्र प्रत्येक घसरण रंगामुळेच आहे असे गृहीत धरणेही चूक आहे. शंका आल्यास धमनीतले रक्त घेऊन त्यातील ऑक्सिजनचा दाब मोजावा, त्या मोजणीवर रंगाचा परिणाम होत नाही.

लघवी निळी-हिरवी झाली आहे. मूत्रपिंडावर परिणाम झाला का?

नाही, तो औषधाचा रंग आहे. त्वचाही काही काळ निळसर दिसते. एक-दोन दिवसांत, मूत्रपिंडे मंद असतील तर थोड्या उशिरा, रंग निवळतो.

इतके उपयोगी असेल तर सुरुवातीलाच का देत नाहीत?

हा वाद खरा आहे. सगळे उपाय थकल्यावर दिलेल्या औषधाला अपयश येणे ओघाने येते, कारण तोपर्यंत अवयव निकामी झालेले असतात. लवकर द्यावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच आहे आणि मला तो पटतो. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचा जोरही आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात अधिक असतो, असे मानण्यास आधार आहे. दुसरीकडे, बहुतेक रुग्ण नॉरॅड आणि प्रतिजैविकांवरच सावरतात. त्या सर्वांना वर सांगितलेल्या धोक्यांपुढे उभे करणे न्याय्य ठरणार नाही. औषध तुलनेने स्वस्त असले तरी शॉकसाठी त्याचा वापर अधिकृत मान्यतेच्या चौकटीबाहेरचा आहे, म्हणून नातेवाइकांना सांगून आणि केसपेपरवर कारण नोंदवूनच ते द्यावे, हा माझा आग्रह असतो. दुसरी मात्रा देऊनही नॉरॅड जराही उतरवता आले नाही, तर तिसरी, चौथी देत राहण्यात अर्थ नसतो. तेव्हा निदान पुन्हा तपासावे.

रुग्णाला तालुक्याहून नाशिकला हलवताना कोणती माहिती सोबत द्यावी?

नॉरॅड कधी सुरू झाले व किती गतीने चालू आहे, पहिले प्रतिजैविक किती वाजता दिले, किती सलाइन गेले आणि लघवी शेवटची कधी झाली, हे संदर्भपत्रात असावे. मिथिलीन ब्लू आधीच दिले असेल तर मात्रा आणि वेळ ठळक लिहावी, नाहीतर पुढच्या डॉक्टरांचा पहिला अर्धा तास खोट्या ऑक्सिजनच्या आकड्यामागे जातो. घरच्यांनी रुग्णाच्या रोजच्या सगळ्या गोळ्या, संपलेल्या पाकिटांसकट, एका पिशवीत घालून आणाव्यात. नावे आठवत बसण्यापेक्षा ती पिशवी सिस्टरांच्या टेबलावर ठेवणे अधिक चांगले.